पाणपोईची नोंदवही: मेडिकल चौक, उन्हाळा २०२४

३१ मार्च, रविवार
पहिली बैठक भाऊंच्या पंक्चरच्या दुकानात झाली. आम्ही पाच जण: भाऊ, शिलाईकाम करणाऱ्या वहिनी, निवृत्त विज्ञानशिक्षक सर, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली एक पोरगी आणि मी. बसथांब्यामागच्या कडुनिंबाखाली पाणपोई घालायची, पाडव्यापासून मृग लागेपर्यंत चालवायची, एवढं पक्कं झालं. मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, पार बालाघाट-छिंदवाड्याहून पेशंट येतात. सोबतचे नातेवाईक दिवसदिवस याच रस्त्यावर असतात. पंधरा-वीस रुपयांची बाटली दिवसातून चार वेळा घेणं सगळ्यांना झेपत नाही.

हिशेबाची वही माझ्याकडे आली. सरांनी एक अट घातली: हिशेबासोबत प्रत्येकानं आपण हे काहून करून राहिलो तेही लिहायचं, आणि उन्हाळा सरल्यावर परत वाचायचं. उत्तरं जशी आली तशी लिहितो.
वहिनी: गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी असं लिहिलंय. ते करायचं म्हणजे करायचं.
पोरगी: कॉलेजात समाजसेवेचे तास भरायचे आहेत, सर्टिफिकेट मिळते.
भाऊ: लोक दुकानात पाणी मागतात, हातातलं काम टाकून दिवसातून पन्नासदा उठावं लागते.
सर: घरी वेळ जात नाही.
मी: समाजाचं ऋण फेडावं म्हणून.
माझं उत्तर खरं नाही. खरं काय ते आज लिहवत नाही.

४ एप्रिल
चाळीस-चाळीस लिटरचे तीन रांजण आणले, लाकडी घडवंच्या भाऊंनी ठोकल्या. रांजण काल रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले होते. नवा रांजण कोरडाच भरला तर पहिले दोन दिवस सगळं पाणी तोच पितो. सरांनी पोरीला नीट समजावलं. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, वाळतं, आणि वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी गार. म्हणून आपल्या नागपुरात रांजण जे काम करतो ते मुंबईच्या दमट हवेत करत नाही. बाहेरून साबण लावायचा नाही, छिद्रं बुजतात. नारळाच्या शेंडीनं घासायचं, भोवती ओलं तरट गुंडाळायचं. क्लोरीनचे थेंब किती टाकायचे ते सरांनी खडूनं फळीवर लिहून ठेवलं.

लांब दांड्याचं एक ओगराळं घेतलं. रांजणात कोणाचा हात जायला नको, म्हणून आपल्यापैकी एकानं उभं राहून ओंजळीत पाणी घालायचं. पेल्यांनी रोग पसरतात, हे माझं म्हणणं होतं आणि सगळ्यांनी ते मानलं.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा
सुरू केलं. दुपारी चारपर्यंत तिन्ही रांजण तीनदा भरले. मला सुट्टी होती, मी ओगराळ्यावर होतो. एका म्हाताऱ्या मावशीनं ओंजळभर पिऊन उरलेला ओला हात तोंडावरून फिरवला आणि म्हणाली, "तुले देव काही कमी करनार नाही पोरा." संध्याकाळी घरी जाताना अंगात थकवा म्हणून नव्हता.

१२ एप्रिल
एका उमेदवाराचा कार्यकर्ता आला. वर मंडप घालून देतो, फक्त आमचं बॅनर लावा म्हणाला. एकोणीसला मतदान, आचारसंहिता लागलेली. नाही म्हणून सांगितलं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

१४ एप्रिल, रविवार
भीमजयंती. संविधान चौक, दीक्षाभूमी, जिकडं जावं तिकडं पाण्याचे, सरबताचे, भोजनदानाचे स्टॉल. वहिनी कालपासून त्यांच्या वस्तीच्या स्टॉलवर होत्या, तरी सकाळी सहाला इथं येऊन तरटं भिजवून गेल्या. ते मला रांजण भरताना दिसलं. त्या कोणाला काही बोलल्या नव्हत्या.

२० एप्रिल
आज माझं खरं उत्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, याच थांब्यावर, दुपारी दीडच्या सुमारास एक बाई कठड्याला टेकून बसली होती. पदर तोंडावर घेतलेला, पायातली एक चप्पल निघून बाजूला पडलेली. मला बँकेत परत जायला उशीर होत होता. ती चप्पल मी पाहिली. उलटी पडली होती, तळवा झिजून एका ठिकाणी आरपार भोक पडलं होतं. एवढं बारीक पाहिलं, म्हणजे थांबण्याइतका वेळ मला होता. मी थांबलो नाही. संध्याकाळी परतताना भाऊ म्हणाले, एक बाई ऊन लागून पडली होती, ऑटोत घालून मेडिकलला नेली. पुढं तिचं काय झालं ते भाऊंना माहीत नाही, मलाही नाही.

तेव्हा समाजाचं ऋण वगैरे नाही. ती चप्पल डोळ्यांसमोरून जावी म्हणून मी पाणी वाटतो. मग याला चांगुलपणा म्हणायचं का? अपराधाच्या ओझ्याखाली केलेली मदत ही शेवटी आपल्याच मनाला लावलेलं औषध, असं मला वाटत आलंय.

सरांशी बोललो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली १९७३ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगाची. प्रिन्स्टनला धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषणाला पाठवलं. वाटेत दारात एक माणूस खोकत, वाकून बसवलेला होता. काहींना भाषणासाठी दिलेला विषय तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाच्या, बायबलातल्या गोष्टीचाच होता. निर्णायक ठरली ती घाई. हाताशी वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगून पाठवलेल्यांतले फक्त १० टक्के. मला क्षणभर हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचाच राग आला. उशीर सगळ्यांनाच होत असेल, पण ती चप्पल मी पाहिली होती.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. बाबा आमटे वरोऱ्याला असताना एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याकडेला कुष्ठरोगानं झिजलेला तुळशीराम दिसला आणि ते भिऊन पळाले. कोणाला न भिणारा माणूस, पण त्या देहाला भ्याला. मग परत आले, त्याच्यावर आडोसा उभा केला, त्याची सेवा केली. कोणाला मदत करावी म्हणून नव्हे तर स्वतःच्या मनातली भीती जिंकायला मी या कामात पडलो, असं ते पुढं स्पष्ट सांगत. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली, आनंदवन उभं राहिलं. सर म्हणाले, "सुरुवात भीतीतून झाली म्हणून आनंदवन खोटं ठरते का?"

ठरत नाही. पण बाबा पळून गेल्यावर त्याच माणसाकडे परत आले होते. मी कोणाकडे परत जाऊ, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

२२ एप्रिल
तरटं बदलली. खर्च १८०.

२६ एप्रिल
इतवारीतल्या एका व्यापाऱ्यानं अकरा हजार देऊ केले. अट: त्यांच्या आईच्या नावाची पाटी लावायची. मी ठाम नको म्हणालो. सरांना जर्मन तत्त्वज्ञ कांटचा दाखला दिला. १७८५ च्या ग्रंथात त्यानं असा दुकानदार घेतलाय, जो लहान पोरालाही फसवत नाही, कारण तसं वागण्यात धंद्याचं भलं असतं. व्यवहार चोख, पण कांटच्या मते त्यात नैतिक मोल नाही. ते मोल, केवळ करायला हवं म्हणून केलेल्या कामाला. गीताही सतराव्या अध्यायात तेच सांगते: द्यायचं म्हणून, परतफेडीची आशा नसलेल्याला दिलेलं ते सात्त्विक दान. फळावर डोळा ठेवून दिलेलं राजस.

सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाटी नाही म्हणून आपलं दान त्यांच्यापेक्षा वरचं, हे तुम्हाला आतून गोड लागून राहिलं ना?"
मी गप्प बसलो. गोड लागत होतं.
भाऊ म्हणाले, "तहानलेला मानूस पाटी वाचत नाही. अकरा हजारात सावलीची जाळी येते, अजून दोन रांजण येतात." पाटी लावायची ठरली. मी विरोधात मत नोंदवलं, ते इथं राहू दे.

१० मे, शुक्रवार, अक्षय तृतीया
पाटीवाले व्यापारी सकाळी सातला एकटेच आले. आज पितरांसाठी पाण्यानं भरलेली घागर देतात. त्यांनी घागर आणली होती, वर झाकणावर आंबा. ती रांजणांशेजारी ठेवली, हात जोडले आणि पाटीसमोर उभे राहिले. पाटीवर आईचं नाव आहे, त्यांचं कुठंच नाही, हे माझ्या आज लक्षात आलं. इतके दिवस मी ती पाटी नीट वाचलीच नव्हती. ते सांगत होते, आई भंडारा रोडनं डोक्यावर भाजीची टोपली घेऊन पायी यायची, वाटेत एका विहिरीवर पाणी प्यायला थांबायची, ती विहीर आता राहिली नाही. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी पाटीवरची धूळ पुसली. अक्षरांच्या खाचांमधली धूळ नखानं काढली.

याला मी राजस दान म्हणत होतो. २६ तारखेचं माझं मत मागे घेतो.

१४ मे, मंगळवार
आजचं सविस्तर लिहिणं भाग आहे.

दुपारी दोनला ऊन नुसतं भाजत होतं. ओगराळ्यावर मी. रांगेत एक आजोबा आले, पंच्याहत्तरीचे असतील, पांढरा सदरा-पायजमा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून एक्स-रेचा मोठा लिफाफा वर आलेला. मी ओगराळं भरून पुढं केलं. त्यांनी हात वर केलेच नाहीत.
"पेला नाही का बा?"
"नाही आजोबा, ओंजळीत घ्या. पेल्यानं रोगराई पसरते."
ते क्षणभर थांबले. आवाज अजिबात चढला नाही. "लहानपनी गावात ओंजळीतच पेलो. वरून ओतत, दुरून. हात खाली, मान खाली. माह्या बापानं तसंच पेलं. आता मी तसा नाही पेत."

ओठांना पापुद्रे आले होते. रांजण हातभर अंतरावर होता आणि ते उभे होते. मागच्या रांगेत कोणी "घ्या ना लवकर" म्हणालं, तरी हलले नाहीत. मला शब्द सुचेना. भाऊ दुकानातून उठले, स्वतःचा स्टीलचा पेला आणला, माझ्या हातातलं ओगराळं घेऊन पेला भरला आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला. आजोबा बाजूच्या बाकावर बसून सावकाश प्याले. दोन पेले. मग उठले, थोड्या पाण्यानं पेला विसळला, ते पाणी कडुनिंबाच्या बुडाशी टाकलं आणि पेला उपडा करून घडवंचीवर ठेवला. "पानी गार हाय," म्हणाले आणि मेडिकलच्या गेटकडे निघून गेले.

संध्याकाळी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी ते ओगराळं पाहून माझ्या पोटात कालवलं होतं भाऊ. पण तुम्ही रोगाचं म्हणालात, मग मी काही बोलले नाही." वहिनी पाच आठवडे काही बोलल्या नाहीत. हे मला आजोबांच्या बोलण्याइतकंच लागलं.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. ओंजळ तीच, पण तिथं वरून ओतणारं कोणी नव्हतं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या हक्काचं पाणी. हे मी शाळेत शिकलो, जयंतीला दरवर्षी ऐकतो. आणि नागपुरात, दीक्षाभूमी असलेल्या शहरात, लांब दांड्याचं ओगराळं घेऊन उभा राहिलो. माझ्या मनात जात नव्हती, रोगराईच होती, हे अगदी खरं आहे. पण आजोबांच्या अंगावर पाणी वरून येणार होतं तेही तितकंच खरं. महिनाभर मी माझा हेतू तपासत होतो. पिणारा माणूस त्या तपासात कुठंच नव्हता.

१६ मे
बैठक. सरांनी सुचवलं, रांजणांना तोट्या बसवू. ज्याला हवं तो स्वतः पेला घेईल, स्वतः भरेल. पेले क्लोरीनच्या पाण्यानं भरलेल्या दोन बादल्यांत बुडवून ठेवायचे, दर तासाला बादली बदलायची. हात रांजणात जाणार नाही, म्हणजे माझी रोगराईची चिंताही मिटली.

सगळे हो म्हणाले. मी पुन्हा आडवा आलो. रांजण फुटेल, तोटी गळेल, पेले चोरीला जातील, पाणी वाया जाईल. एकामागून एक कारणं देत होतो. भाऊ माझ्याकडे पाहत म्हणाले, "तोटी लावली तं आपल्याले तिथं उभं राहाचं काम नाही राहात."
तेच होतं. उभं राहून ओतणं मला हवं होतं. ती ओंजळ, वर पाहणारा चेहरा, "देव भलं करो" हे शब्द. तोटी लागली की पाणी तेवढंच मिळणार, उलट जास्त मिळणार, फक्त मी दिसणार नव्हतो. आपला हेतू काय म्हणून मनात कितीही डोकावलं तरी जे सापडलं नव्हतं, ते एका तोटीच्या प्रस्तावानं बाहेर पडलं.

सरांना विचारलं, मग हेतूचा विचारच सोडून द्यावा का? भाऊ म्हणतात तसं, पाणी मिळाल्याशी मतलब. सर नाही म्हणाले. "ओगराळं कोणाच्या सोयीनं आलं? देणाऱ्याच्या. हेतू वस्तूत उतरते. पाणी तेच, पण ते कसं द्यायचं हे हेतूच ठरवून राहिला होता." हे मला पटलं. बुद्धानंही चेतनेलाच, म्हणजे मनातल्या इराद्यालाच, कर्म म्हटलं आहे, असं वहिनींनी जोडलं.

१८ मे, शनिवार
तोट्या बसवल्या. कुंभारदादाला इथंच बोलावलं. रांजण ओला करून, ड्रिल अगदी सावकाश, मधूनमधून पाणी सोडत. जोर दिला की तडकतो. पाचांपैकी एक तडकलाच. आतबाहेर रबरी वायसर, वरून एमसील, रात्रभर वाळवलं. स्टीलचे पेले २४. सरांनी पेल्यांना साखळी लावू का म्हणून विचारलं. नंतर बघू म्हणालो.

२३ मे, गुरुवार, बुद्धपौर्णिमा
वहिनींनी मोठ्या पातेल्यात खीर आणली. पहिली वाटी त्यांनी झाडूवाल्या मावशींना दिली. आता आमची कामं: सकाळी भरणं, तासाला पेले, संध्याकाळी घासणं. घासण्याची पाळी मी मागून घेतली. रांजणाचं बूड घासताना आपलं डोकं आत असतं, बाहेरचं काही ऐकू येत नाही.

२५ मे
नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. दुपारी रस्त्यावर माणूस नाही, फक्त मेडिकलचे नातेवाईक आणि थांब्यावरचे. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली माणसं येतात, पितात, जातात. कोणी काही बोलत नाही.

२९ मे
पाइपलाइनचं काम निघालं, आमच्या गल्लीचं पाणी दोन दिवस बंद. भाऊंनी मला फोन केला. मी वर्ध्याला लग्नात होतो. यायला जमलं असतं, दोन तासांचा रस्ता आहे. आलो नाही.

पाणी आणलं पोरीनं. गाडीच्या पुढं एक, मागं एक, अशा वीस-वीस लिटरच्या कॅन, मावशीच्या घरून सहा फेऱ्या, उन्हात. तिचे तास १५ तारखेलाच भरले होते, सर्टिफिकेट हातात होतं. सरांनी तिला विचारलं, काहून आलीस? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "रांजण रिकामे होते ना."

अ‍ॅरिस्टॉटलनं म्हटलंय की वीणा वाजवून वाजवून माणूस वादक होतो, तसा न्यायानं वागून वागून न्यायी होतो. सरांचं हे आवडतं वाक्य, मी दहादा ऐकलंय आणि दरवेळी मान डोलावली आहे. पोरीच्या खांद्यावर कॅनच्या पट्ट्याचा लाल वळ पाहिला तेव्हा ते कळलं. सर्टिफिकेटसाठी आलेली पोरगी कधी बदलली ते तिलाही सांगता येणार नाही. बहुतेक बादल्या बदलताना.

मी आलो नाही, हेही त्याच शाईत लिहून ठेवतो.

३ जून
चौदा तारखेचे आजोबा आज पुन्हा दिसले. सोबत आजी, नुकत्याच सुट्टी मिळालेल्या, हाताला पट्टी. आजोबांनी पेला भरून त्यांना दिला, मग स्वतः घेतला. मी तिथंच बादली बदलत होतो. त्यांनी मला ओळखलं की नाही, माहीत नाही. मी बोलायला पुढं झालो नाही. माफी मागितली असती तर पुन्हा त्यांनाच माझ्याकडे पाहावं लागलं असतं, मला काहीतरी द्यावं लागलं असतं.

९ जून, रविवार
मृग लागला. आवराआवर आणि शेवटची बैठक. पेले मोजले: चोवीसपैकी सतरा. सात गेले.

सर पुन्हा साखळीवर आले. आणखी एक सुचवलं. २००६ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या एका विद्यापीठात चहा-दुधाच्या पैशांच्या डब्याजवळ आलटून पालटून एक आठवडा फुलांचं आणि एक आठवडा माणसाच्या डोळ्यांचं चित्र लावलं. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे पडले. पुढं इतरांनी करून पाहिलं तेव्हा तसंच दरवेळी घडलं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तरी गाडगेबाबांचा फोटो लावून पाहू म्हणाले. वहिनी म्हणाल्या, फोटो लावा, पण चोरांसाठी नको, बाबांसाठी लावा.

साखळीवर बरंच बोलणं झालं. साखळीचा पेला घ्यायचा म्हणजे रांजणापाशी वाकून प्यावं लागतं. त्या आजोबांना बाकावर बसून पिता आलं नसतं, आजींना नेऊन देता आला नसता. भाऊ म्हणाले, वॉर्डात पेशंटजवळ पेला नसतो, एखादा तिकडं गेला असेल तं जाऊ द्या.

मग सरांनी ३१ मार्चची उत्तरं वाचून दाखवली. भाऊ अजूनही तेच म्हणतात, उठबस वाचली. पोरगी हसली आणि आपलं उत्तर खोडायला वही मागितली. सरांनी दिली नाही. माझ्या उत्तरापुढं मी २० एप्रिल आणि १६ मे अशा दोन तारखा लिहिल्या.

चार रांजण भाऊंच्या माळ्यावर, उपडे, खाली पेंढा. तडकलेला वहिनी नेणार, तुळस लावायला. शिल्लक १,४६०.
पुढच्या वर्षीची खरेदी: पेले ३०, तोट्यांचे वायसर, बाकाला वरून जाळी. साखळी नाही.